मोकळ्या केलेल्या जागेचा पत्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. गोष्ट तशी एका ओळीची आहे — पण ती कुठून सुरू करावी, हेच मला कळत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्यात एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता, दोन मशीनचा, आणि तिथं ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला मी. शिकवायला — म्हणजे नागपूरहून आणलेलं पुस्तक पोरांच्या दोन धडे पुढं वाचायला.

कुसुम सिहोऱ्याहून एसटीनं शिकायला यायची. घरी धानाची शेती, स्वतः बी.एस्सी. झालेली. क्लासच्या मालकांना शिकवायला आणखी एक माणूस हवं होतं आणि तिचंच नाव जवळपास ठरलं होतं.

तेव्हा लिंक्ड लिस्ट चालू होती. एकेका नावाला मेमरीत एक जागा, त्या जागेत पुढच्या नावाचा पत्ता — अशी साखळी. काम झालं की सगळ्या जागा मोकळ्या करायच्या. कशा, ते मीच फळ्यावर लिहिलं: आधी जागा मोकळी करा, मग तिच्यातला पत्ता वाचून पुढं जा. माझ्या पाच नावांवर ते चालायचं. कुसुमनं गावातली साठ नावं घातली — मशीन ठप्प. पुन्हा सुरू केली तर चालली. मग परत ठप्प. चालते तर का चालते? अडते तर का अडते? मला काही सुचेना.

तिनं वहीतून मान वर केली. “सर, जागा वापस करून देल्यावर तिच्यातला पत्ता आपण कायले वाचून राहिलो?”

सगळ्या वर्गासमोर. मला तो प्रश्न समजला होता का? अर्धवट, बहुधा. की समजायचाच नव्हता? मी म्हणालो, “फळ्यावरचं बरोबर आहे. तुमचं टायपिंग चुकलंय.” आणि मालकांनी विचारलं तेव्हा — नाही, त्यांनी विचारलं नव्हतं. मीच जाऊन सांगितलं, ही मुलगी मशीन बिघडवते.

त्यांनी तिला मशीनवर बसायला मनाई केली. ती यायची थांबली.

आठवड्याभरानं मी एकटा बसून प्रत्येक पायरीला पत्ता छापून पाहिला. मधेच एक भलताच आकडा आला. सोडून दिलेल्या जागेत आता दुसरंच काही होतं. पुढचा पत्ता आधी बाजूला काढून ठेवायचा, मगच जागा सोडायची — एवढंच. साठही नावं सुरळीत गेली. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नवा क्रम लिहिला, पहिल्यापासून तसाच होता अशा थाटात. शिकवायचं ते काम दुसऱ्याला मिळालं.

मग एका दुपारी कुसुम वही घेऊन आली.

“सर, माहं नेमकं कुठं चुकलं, तेवढं सांगा. मले समजूनच नाही राहिलं.”

मी वही चाळली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझंच, जसंच्या तसं, सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं.

“सराव कमी पडला,” मी म्हणालो.

“हो सर,” ती म्हणाली. तिला ते खरं वाटलं.