शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी

इंदूआत्या गेल्याची बातमी मला वर्गात कळली. मुलं पाढे म्हणत होती, टेबलावर फोन थरथरला आणि गावाच्या ग्रुपवर गुलाबांच्या चौकटीत बसवलेला तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘प्रेमळ, मायाळू, मुलांची लाडकी आत्या.’ मी फोन उपडा ठेवला. प्रेमळ? तिच्या अंगणात एकदा तरी पाऊल टाकलेल्या माणसाला विचारा की! फोटोही कुठल्याशा लग्नातला, कुणीतरी बळंच हसायला लावलेलं. त्या फोटोतल्या बाईला मी ओळखत नाही. मी जिला ओळखत होते ती तुसडी होती, हेकट होती, तोंडाने फटकळ होती, आणि इतकी वर्षं तिच्याशी भांडता भांडता माझ्या घशाचं वाटोळं झालं होतं. आता ती जाऊन महिना उलटलाय, तिच्याविषयी जिकडेतिकडे गोडगोड छापून यायला लागलंय. माझ्याने ते वाचवत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

काशीदच्या अलीकडे खाडीच्या अंगाला बंगल्याची वाडी आहे. नारळ-पोफळींची जुनी बागायत, मधोमध कौलारू बंगला, मागे दगडी विहीर आणि विहिरीवर लाकडी रहाट. बंगल्यातली सगळी मंडळी मुंबईला गेली, इंदूआत्या तेवढी राहिली. लग्न केलं नाही. पुतणे आत्या म्हणायचे म्हणून गावही आत्या म्हणायचं. मी रोह्याकडची, भातशेतीवाल्या घरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन इथे आले, आणि पहिल्याच थंडीत हौसेने चौथीची मुलं घेऊन वाडी दाखवायला गेले. आत्या ओटीवर सुपारी कातरत बसली होती.

“कोण गो तू?”

“मी शाळेतली नवी बाई. मुलांना वाडी दाखवायला आणलंय.”

“दाखवायला? वाडी काय सिनेमा हाय?”

एवढं बोलून तिने अडकित्ता बाजूला ठेवला आणि मुलांना सरळ रहाटाला जुंपलं. रहाट ओढणारा बैल कधीच मेला होता. घरच्यासाठी पंप होता, पण मुलं आली की ती तो बंद करायची. सहा-सात जणांनी मिळून दांडा ढकलायचा, रहाटाचे डबे भरून वर यायचे, पाणी पाटात पडायचं. बाकीच्यांनी पाटाच्या कडेने उभं राहायचं. आपल्या पोफळीचं आळं भरलं की पायाने माती सारून ते बंद करायचं आणि पाणी पुढच्याला सोडायचं. असं करत करत खाडीच्या बांधावरच्या शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी पोचलं की मग जेवणाचे डबे उघडायचे. त्याआधी कुणी घास खायचा नाही. बाईने पण नाही! उन्हं डोक्यावर आली, मुलांची तोंडं उतरली. मी ओटीपाशी जाऊन म्हटलं, “आत्या, पोरं उपाशी आहेत हो.”

“झाडं कालपासून उपाशी हायत. ती काय बोलली तुला?”

मला इतका संताप आला होता की पुन्हा या बाईच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही असं ठरवून टाकलं. तेवढ्यात बांधावरून पोरांनी आरोळी ठोकली, पाणी पोचलं. आत्या ओटीच्या कठड्याशी आली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “पोचलं ना? मग गिळा आता, मेल्यांनो!” मुलं खिदळत डब्यांवर तुटून पडली. मी म्हटलं, मुलांसमोर असे शब्द वापरत जाऊ नका. तर म्हणाली, “चावतात कुठे? गिळतातच की.” हा वाद मग दर वर्षी व्हायचा. कारण मी दर वर्षी अख्खी शाळा घेऊन जायचेच. मुलं दिवाळीच्या सुट्टीपासूनच विचारायला लागायची, बाई, आत्याकडे कधी?

विहिरीजवळ एक कोरीव शिळा उभी आहे. गधेगाळ म्हणतात तिला. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेली अक्षरं आणि खाली गाढवाचं असं काही चित्र, की मी मुलांना घाईघाईने पुढे हाकायचे. आत्या मुद्दाम थांबवायची. “ही शिवी हाय,” सांगायची. “जुन्या राजाने कोरून ठेवलीय. जो ही जमीन लुबाडील त्याच्यासाठी.” मुलं डोळे विस्फारून बघायची आणि घरी जाऊन साग्रसंगीत सांगायची. दुसऱ्या दिवशी पालक माझ्या दारात! मी तणतणत आत्याकडे गेले तर म्हणते कशी, “तुझ्या पुस्तकातला एक तरी राजा त्यांच्या ध्यानात हाय काय?” नव्हता. पण कबूल करायची माझी तयारी नव्हती, आजही फारशी नाही.

मग ते चक्रीवादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, गावात एक कौल धड राहिलं नाही. वाडी आडवी झाली. बांधाच्या आडोशाला होती म्हणून ती शेवटची पोफळ आणि आजूबाजूची चार-दोन झाडं कशीबशी उभी राहिली. चौथ्या दिवशी आत्याचा निरोप, पोरं पाठव. मी खवळले. लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि हिला झाडं सुचतात! तरातरा चालत भांडायला गेले. आत्या चिखलात उकिडवी बसून पडलेल्या पोफळींची सुपारी वेचत होती. मी तोंड उघडण्याआधी म्हणाली, “बियाणं हाय हे. मी किती दिवसांची? पोरांनी लावली तर ती बघायला तरी येतील…” तिचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लगेच पुढे, “आणि तू अशी खांबासारखी काय उभी? वाक की!” मी वाकले. रोपं तयार झाल्यावर माझ्या मुलांनी ती रांगेने लावली, विहिरीपासून बांधापर्यंत. त्यानंतर दर थंडीत जो तो आधी आपलं झाड शोधायला पळायचा.

शोकसभा मुंबईहून आलेल्या पुतण्याने घेतली. बंगल्यासमोर नवीन हिरवळ, तिच्यावर पांढऱ्या खुर्च्या. तिथे आता पाहुण्यांसाठी राहण्याची सोय होणार आहे. “मॅडम, आत्याची लेगसी आम्हाला पुढे न्यायची आहे,” तो मला म्हणाला. “स्कूल व्हिजिट्स चालूच राहतील. फक्त जरा ऑर्गनाइज्ड.” मी विचारलं, मुलं रहाट फिरवतील ना? तर म्हणे, तो हेरिटेज पीस आहे, बघता येईल. मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी सांगितलं, ती प्रेमळ नव्हती. प्रेमळ म्हणून हार घालून तिला गप्प करू नका. पुतण्याने हसत हसत माईक काढून घेतला. मला झोप लागेना ती एकाच गोष्टीने. मुलांना पुन्हा त्या मातीत पाय घालता येईल का, की दोरीमागे हात बांधून उभं राहावं लागेल?

गेल्या आठवड्यात त्याने आमच्या शाळेला ‘स्मृतिसहली’साठी बोलावलं. फोटोग्राफर होता. रहाटाला लाल ऑइलपेंट फासलेला, भोवती दोरी, ‘हात लावू नये’ची पाटी. गधेगाळीसमोर ‘प्राचीन कला’ असा फलक. शिवीची कला झाली होती! मुलांना हिरवळीवर बसवून हातात सँडविचचे खोके दिले. मुलं खोके मांडीवर घेऊन बसून राहिली. एकानेही उघडला नाही.

“स्टार्ट करा ना, मुलांनो,” पुतण्या म्हणाला.

चौथीतली सानवी उठून उभी राहिली. तिचे आईबाप मासळीवर जातात, तिला कुणाची भीड नाही. म्हणाली, “पानी पोचला न्हाय अजून.”

“कुठे?”

“शेवटच्या पोफलीला.”

“अगं, आता ड्रिप आहे सगळीकडे.”

ती बांधापर्यंत पळत गेली आणि परत आली. नळ्या हिरवळीपाशीच संपत होत्या. “बाई, पोरांची झाडा सुकलीत,” ती मला म्हणाली आणि सगळ्या वर्गाने माझ्याकडे बघितलं. मी दोरीच्या गाठीला हात घातला. नखं तुटली, पण गाठ सुटली. पुतण्या ओरडत होता, मॅडम, पेंट ओला आहे, तुमच्या शाळेची ही शेवटची व्हिजिट! म्हटलं, ते नंतर बघू, आधी बाजूला व्हा. मुलं दांड्याला भिडली. रहाट करकरत फिरला. पाटावर हिरवळ अंथरली होती, ती पोरांनी पायांनी उकरून काढली. लाल हात, काळे पाय, एकच गिल्ला. फोटोग्राफर तेवढा खूश होता. आळ्यामागून आळं भरत गेलं आणि खूप वेळाने बांधावरून ती आरोळी आली.

मग सगळे पळत हिरवळीवर परत आले. खोके हातात घेऊन ओटीकडे तोंड करून उभे राहिले. ओटीवर तो लग्नातला फोटो मांडला होता, हार घातलेला, हसरा. मुलं त्याच्याकडे बघत नव्हतीच. ती कठड्याकडे बघत होती, थांबली होती… आणि मला कळलं, आता कुणीतरी ओरडल्याशिवाय ही जेवायची नाहीत. मी ओटीवर चढले, चपला न काढता. कठड्याशी जाऊन ओरडले, आवाज बांधापर्यंत गेला.

“पोचलं ना? मग गिळा आता, मेल्यांनो!”