रेजिनामायची कॅसेट

परवा जुन्या कॅसेटींचा खोका उघडला आणि त्या कुबट वासानं मला थेट ऐंशीच्या दशकातल्या गोराईत नेलं. चर्चमधली गाणी गोळा करणं हे माझं काम. म्हातारी रेजिनामाय ईस्टरआधीच्या उपासकाळातलं विलापगीत म्हणत होती आणि माझी कॅसेट संपली. तिच्या फळीवरची एक उचलून मी न विचारताच रेकॉर्डिंग चालू ठेवलं. माय डोळे मिटून गात होती.

गाणं संपल्यावर तिनं कॅसेट ओळखली. “बाला, ही माजे पोराची, पीटरची. मरायच्या आदी दुबईहून बोलून धाडलेली.”

 मी कॅसेट मागे फिरवून ऐकली. सगळीकडे तिचंच गाणं.

“गानं तरी बरं आलं का?” तिनं विचारलं.

फार सुंदर आलं होतं. पुढं देशोदेशी त्याच गाण्यानं माझं नाव झालं. त्याखाली पीटर पुसला गेलाय, हे मी कुणालाच सांगितलं नाही.