ताईचं डाएट

पळणाऱ्या पोरीला दिवसाला जेवण किती लागतं? हे मी कॉलेजच्या सरांना विचारलं, ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं, डॉक्टरांनाही विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. किस्से मात्र एवढे जमले, की वाडीत चिकू उतरवताना पोरं म्हणतात, "सांग ना ताईचा एखादा!" मी सांगतो. ताई या पावसाळ्यात गेली. पोरं अजून हसतात. हसू दे.

ताई म्हणजे रमिला, माझी मोठी बहीण. आमचा पाडा तलासरीकडचा, तिचं कॉलेज डहाणूला. ती पाच हजार मीटर पळायची. मी सातवीत शाळा सोडलेला, तिच्या मागे सायकल हाणायचो. २०१६ साली खेळाचे सर म्हणाले, "तुझ्यात रक्त कमी आहे. खाऊन वाढव, नाहीतर विद्यापीठाच्या टीममध्ये घेणार नाहीत." घरात भात आणि सुका बोंबील. खायचं काय?

*

सरांनी छापील डाएट चार्ट दिला. ओट्स, ब्रोकोली, बदामाचं दूध! मी डहाणू रोडच्या बाजारात ब्रोकोली मागितली. भाजीवाले काका गुजराती. म्हणाले, "अरे भाई, ती लग्नात सॅलडवर सजवायला नेतात. खातं कोण?"

मी घरी येऊन सांगितलं. ताई म्हणाली, "मग लग्नातच जाऊ!"

आमच्याकडे लग्नाला सगळा पाडा जातो, आमंत्रणाची वाट कोण बघतो? ताईने सरावाचा रस्ताच लग्नांप्रमाणे लावला. सर फोनवर म्हणाले, "आज उधव्याकडे का? तो तर चढ आहे."

"सर, चढावर मटण आहे!"

*

मग कळलं, कॉलेजात खेळाडूंना डाएटचे पैसे मिळतात. ताई रोज शेजारच्या जानीकाकीची अंडी खायची. क्लार्क म्हणाले, "पक्कं बिल आणा."

जानीकाकी म्हणाली, "माझा अंगठा घे. नाय चालला तर कोंबडीचा घे!"

माझं डोकं फिरलं. वाडीतला माझा पगार झाला होता. ताईला घेतलं, स्टेशनजवळच्या हॉटेलात बसवलं आणि मेनूकार्डावरचं पहिलं नाव मागवलं. पिझ्झा. दुसऱ्या दिवशी ताई ग्राउंडवर दोन फेऱ्यांत ओकली.

बिल मात्र लगेच पास!

*

मार्चअखेर आली आणि कॉलेजच्या ऑफिसला अचानक डाएट आठवलं. स्पर्धा संपलेल्या, परीक्षा तोंडावर. आमच्या दारात केळ्यांनी भरलेला टेम्पो उभा! ड्रायव्हर म्हणाला, "वर्षाचं डाएट. सही करा."

ताई म्हणाली, "दादा, वर्षभर टिकतील का?"

"ते मला नाही सांगितलं, ताई."

त्या आठवड्यात आमच्या पाड्यावरची बकरीसुद्धा ॲथलीट होती!

*

पुढच्या वर्षी ताई टीममध्ये गेली. स्पर्धेत दुसरी आली. पेपरचा बातमीदार पाड्यावर आला, त्याने विचारलं, "आहार काय घेता?"

ताई सरळ म्हणाली, "लोकांची लग्नं."

सोबत आलेले सर मध्येच बोलले. पेपरात ताईचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'ओट्स आणि ब्रोकोलीने घडवली धावपटू'. आई वाचू शकत नाही. मी वाचून दाखवलं, तर म्हणते, "ही दुसऱ्या कुणाची पोर असंल."

*

या वर्षी जुलैत ताईला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात ठेवली. पहिल्या दुपारी जेवणाची गाडी आली. वरण, भात, चपात्या, भाजी, वर दूध. ताई उठून बसली.

"काय रे, हे बिल मागत नाहीत?"

"नाही."

"सहीपण नाही?"

"नाही, ताई."

ती इतकी हसली, की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी विचारायला लागली, "हिला काय झालंय?"

पण तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटच्या दिवशीही ताट आलं. मी ते परत द्यायला उठलो, तर तिने माझा शर्ट धरला.

"बस. एवढं भरलेलं ताट परत पाठवतोस? खा. मी बघते."

मला भूक नव्हती. मी बसलो. ती उशीला टेकून सरांसारखी ओरडत होती, आवाज निघत नव्हता तरी. "हळू... चावून... दूध शेवटी."

मी चपात्या खाल्ल्या. भात खाल्ला. दूध शेवटी प्यायलो. नळावर जाऊन ताट धुतलं आणि तिला दाखवलं.