काचेच्या घरातला चहा

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. बाबांनी रिठदला काचेचं घर बांधलं आणि त्यात माझ्या आईला बसायला जागा उरली नाही. घर तसं ऐसपैस होतं. अडचण वेगळीच होती.

नागपुरात कॉलेजात असताना बाबांनी एका मित्राचं घर पाहिलं होतं. वर सपाट स्लॅब, आणि रस्त्याकडची अख्खी बाजू काचेची. तसंच आपलं हवं! ओसरी नाही, माजघर नाही. बैठक आणि चूल एकाच दालनात. काच वाशीमपर्यंत रेल्वेने आणि पुढे कडब्यात गुंडाळून बैलगाडीने आली. ती पाहायला केनवडहूनही माणसं आली आणि प्रत्येकाने बोट लावून खात्री केली.

आई गावाची सून. वडीलधारा पुरुष समोर आला की डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, ही रीत. काचेमुळे आता सगळा रस्ताच समोर! दुपारी कामं उरकून ती कपबशी घेऊन टेकली, की कुणीतरी सासरे शेताकडे निघालेच. ते गेले की दुसरे. चहा उभ्यानेच संपायचा. झोपायच्या खोलीत बसावं, तर शेजारणी तब्येत विचारायला हजर.

म्हाताऱ्यांचेही हालच. बायकांनी सावध व्हावं म्हणून घरात शिरताना खाकरायचं, एवढं त्यांना ठाऊक. बाबांचे चुलते, आमचे आबाजी, बिचारे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाकरत जायचे. कुणीतरी त्यांना अडुळशाचा काढाही नेऊन दिला.

“अवो, पडदा तरी लावा,” आई म्हणाली.

“पडदाच लावाचा होता त काच कायले आनली?”

आई गप्प बसली. ती गप्प बसली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या, कारण पुढे काहीतरी घडणार हे नक्की असायचं.

बाबा त्या मित्राला घर दाखवायला आणण्यासाठी नागपूरला गेले आणि आईने पदर खोचला. मी शेणात कुटार, म्हणजे भुसा, कालवलं, तिने थापलं. हात पोचेल तिथवर काचभर गोवऱ्या, पाच बोटांच्या ठशांसकट. पश्चिमेच्या उन्हात त्या झकास वाळल्या.

मित्राला घेऊन बाबा आले आणि अंगणातच थिजले. मित्र मात्र आत शिरताच खूश झाला. “वा! बाहेर एवढं ऊन, आत किती गार! माझ्याकडे दुपारी बसवत नाही. हे तुला सुचलं?”

बाबांनी आईकडे पाहिलं, मग गोवऱ्यांकडे.

“हो,” ते म्हणाले, “इकडच्या हवेले हेच बरं पडते.”

मला असा राग आला! पाहुण्यांचा चहा झाला, दोघं स्लॅब पाहायला वर गेले. मग ती चुलीपाशी पाय पसरून बसली आणि बशीत स्वतःचा चहा ओतला. तेवढ्यात बाहेरून आबाजी सवयीने खाकरत निघाले.

आईने बशीवर फुंकर घातली आणि बसल्या बसल्या चहा प्यायला.