ताडपत्रीवालीचा तंबू

ट्रकवर टाकायची ताडपत्री शिवावी तर आपणच, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ऐकायला कुणाला विचारावं लागत नसे. मालधक्क्यामागच्या गल्लीत तिचा गाळा. आत एक दांडगं शिलाई मशीन, जमिनीवर मेणकापडाचे ढिगारे, भिंतीला दोरांची वेटोळी आणि पितळी रिंगा ठोकून ठोकून खड्डा पडलेला लाकडी ओंडका. ड्रायव्हर, हमाल, समोरचा चहावाला, सगळे तिला ताडपत्रीवालीच म्हणत. एखादा नवखा ड्रायव्हर घासाघीस करायला लागला की ती शिवण त्याच्या हातात द्यायची. "ओढ," म्हणायची. "उसवली तर फुकट घेऊन जा." आजवर कुणी फुकट घेऊन गेलं नव्हतं.

आता अशी बाई सहलीचं ठरवायला बसली, तर घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागा उरते का? नाहीच उरत.

खरं म्हणजे कल्पना नवऱ्याची. तो शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे घरीदारी सगळे त्याला मास्तर म्हणायचे. जग सगळं पाठ, पण स्वतः बघितलेलं म्हणाल तर शाळेची सहल गेली तेवढंच. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मास्तरांनी टेबलावर नकाशा पसरला आणि नखाएवढ्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे तळं. रस्ता जंगलखात्याच्या चौकीपर्यंत. तिथून होडी. पलीकडच्या काठावर घर नाही, दुकान नाही, दिवा नाही. आपला तंबू लावायचा आणि दोन रात्री राहायचं."

"फोन लागतो तिथे?" लेकीनं विचारलं. ती नर्सिंग शिकत होती आणि तिचा फोन दिवसरात्र कोकलत असायचा.

"अजिबात नाही."

"मग मी एका पायावर तयार आहे."

आबा, म्हणजे मास्तरांचे वडील, कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"सकाळी त्या तळ्याचं पाणी हलत नाही," ते म्हणाले. "पलीकडचा डोंगर उलटा दिसतो पाण्यात. आणि काठावरचं गवत कमरेएवढं असतं."

आबांनी ते तळं जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्यांची सगळी नोकरी मासळीच्या शीतगृहात गेली, आणि तिथं येणारी मासळी त्याच तळ्यातली. खोक्यात मासळीखाली ओलं गवत अंथरलेलं असायचं. आबा ते गवत फेकायच्या आधी हुंगून बघायचे. ट्रकवाले उतरले की त्यांना तळ्याच्या गोष्टी विचारायचे. अशी उमर गेली. त्यांच्या बोलण्यावरून नवख्याला वाटावं, म्हातारा त्या काठावरच रांगला असेल.

ताडपत्रीवालीनं सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आबा येणार म्हणजे येणार.

मास्तर तिला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाले, "अगं, आबांचं माहितीये ना तुला?"

माहीत नसायला काय झालं? लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होती. आबांची कॉट पुढच्या खोलीत, दाराला लागून. दार दिवसभर सताड उघडं, रात्री नुसतं लोटलेलं. कडी काढून टाकलेली. बसमध्ये आबा दाराजवळच उभे राहायचे, जागा मिळाली तरी. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं ठेवून आत मोठ्यानं गायचे, म्हणजे बाहेरच्यांना कळावं. सूर म्हणाल तर देवाचंच नाव घ्या, पण शेजारच्या मुलांनाही पाठ झालं होतं, आबा गातायत म्हणजे थांबायचं. या घराला कुलूप म्हणून नव्हतं. लागलंच नाही कधी. लग्नकार्य असो, कुठं परगावी जायचं असो, आबा म्हणायचे, "तुम्ही जा, मी घर राखतो." लोक म्हणायचे, काय हो जबाबदार माणूस! घरातले हसून मान डोलवायचे. तरुणपणी शीतगृहात एका रात्री कुणीतरी बाहेरून दार लावून घेतलं आणि आबा सकाळपर्यंत आत राहिले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"उघड्यावर झोपतील की ते," ती म्हणाली. "तळ्याच्या काठी छान वारा असेल."

"चौकीवाले झोपू देत नाहीत. मी विचारलंय. तिकडे अस्वलं फिरतात. अंधार पडला की माणसं तंबूत आणि तंबू बंद. नाहीतर होडीच देत नाहीत."

घोडं अडलं ते असं.

"मग तंबू मी शिवते," ताडपत्रीवाली म्हणाली.

"विकत मिळतात गं चांगले."

"बघितलेत मी. त्यांच्या शिवणी बघून मला घाम फुटतो. अहो, जिच्या हातची ताडपत्री घाटातल्या पावसाला दाद देत नाही, तिनं घरच्या माणसांना दुकानातल्या फडक्यात झोपवायचं?"

झालं. मास्तर तंबूची मापं लिहून घ्यायला बसले. बसतील नाहीतर काय करतील?

दिवसा गिऱ्हाइकांचं काम, संध्याकाळी तंबू. असा घाट घातला तिनं की समोरचा चहावाला म्हणाला, ताई, यात आख्खा ट्रक राहील. उत्तम जाड कापड, दुहेरी शिवण, कोपऱ्याला चामडी ठिगळं. दाराला तिनं तिची लाडकी पितळी चेन लावली, ट्रकच्या मागच्या पडद्याला लावायची तीच. रविवारी सकाळी गच्चीवर तंबू उभा राहिला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून लांबून बघत राहिली. फार आवडला तिला.

"आधी आबा," ती म्हणाली. "मान त्यांचा. बघा तरी आडवं होऊन."

आबा वाकून आत गेले, सतरंजीवर बसले.

"लाव गं चेन," ती लेकीला म्हणाली. लेकीनं बाहेरून चेन सर्रकन खाली ओढली.

आत सतरंजी सरकल्याचा आवाज आला. मग तंबूची भिंत आतून थरथरली. मग धक्का बसला, आणि एक खांब वाकला. लेकीनं घाईघाईनं चेन उघडली. आबा बाहेर आले, कपाळाला घाम, आणि सगळ्यांकडे पाठ करून म्हणाले, "मी चहा टाकतो."

"उकडलं असेल," ती म्हणाली. "हवा खेळत नाही आत. माझंच चुकलं, खिडक्या हव्यात."

पुढच्या रविवारपर्यंत तिनं तंबूला खिडक्या पाडल्या. एक पाडली, मन भरेना, दुसरी पाडली, करता करता चार झाल्या. मग छताला जाळी बसवली, आत झोपून आभाळ दिसेल अशी. मास्तर म्हणाले, "आता तंबू कमी आणि खिडक्या जास्त झाल्यात." तिनं लक्ष दिलं नाही. ती शिवायला बसली की कुणाच्या बापाला ऐकत नसे. आणि हे तर बापासाठीच चाललं होतं.

दुसऱ्या रविवारी आबा आत गेले. लेकीनं चेन लावली. खिडकीतून आबा दिसत होते, मांडी घालून, डोळे मिटून, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. ओठ हलत होते. न्हाणीघरातलं गाणं म्हणत होते, पण आवाज फुटत नव्हता. ताडपत्रीवाली पुढे धावली.

"काढ, काढ चेन," ती म्हणाली.

आबा बाहेर आले. या वेळी चहाचं नाव काढलं नाही. "तुम्ही तिघं जा," ते म्हणाले. "मी घर राखतो."

"घराला काय पाय फुटलेत पळून जायला?" ती कडाडली. मास्तरांनी तिचा हात धरला, तो तिनं झटकला. "पुरे झालं तुमचं घर राखणं! माझ्या लग्नापासून ऐकतेय. त्या तळ्याचं गवतसुद्धा तुम्हाला तोंडपाठ, आणि जायची वेळ आली की घर! तुमच्याशिवाय मी एक पाऊल हलणार नाही. आणि हा तंबू फाडून पायपुसणी करीन."

लेकीनं चेन हातातून सोडली. वाळत घातलेले कपडे फडफडत होते. रागाच्या भरात बोलून गेली खरी, पण तिला रडू येत होतं, आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं. ती आबांच्या शेजारी कठड्याला टेकून जमिनीवर बसली.

"आबा," ती म्हणाली, आता हळू. "त्या रात्री काय झालं होतं? मी कधी विचारलंच नाही तुम्हाला."

आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मास्तरांकडे, नातीकडे बघितलं. मग बोलले.

"काही विशेष नाही गं. पाळी संपली. मुकादमानं दार लावलं. लावण्याआधी आत कुणी आहे का, अशी हाक मारायची असते. नाही मारली, घाईत असेल. लोक म्हणतात, आबा थंडीला घाबरला, अंधाराला घाबरला. थंडीत तर मी रोजच काम करायचो. पोती होती, ती पांघरून घेतली. अंधाराचंही काही नाही." त्यांनी स्वतःचा तळहात उघडून बघितला. "पण त्या दाराला आतून मूठच नव्हती. मी रात्रभर हात फिरवून बघत होतो. पत्रा लागायचा नुसता. सगळं बाहेरच्या बाजूला. मासळीसाठी केलेलं दार, मासळी कशाला दार उघडतेय?"

ताडपत्रीवालीनं मान वर केली. समोर तिचा तंबू उभा होता, चार खिडक्यांचा, जाळीच्या छताचा. ती उठली, वाकून आत शिरली आणि दाराच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. गुळगुळीत कापड. चेन ओढायचं पितळी पान बाहेर. बांधायच्या दोऱ्या बाहेर. रिंगा बाहेर.

ट्रकचा पडदा बाहेरूनच लावतात. आत माल असतो, मालाला बाहेर यायचं नसतं. तिनं आयुष्यभर मालासाठीच शिवलं होतं, आणि घरच्या माणसांसाठी शिवायला बसली तरी हात आपल्या वळणानंच गेले होते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! खिडक्या पाडत बसली होती शहाणी.

ती बाहेर आली ती तोंडावर हात ठेवूनच.

"मी तुम्हाला दोनदा कोंडलं," ती म्हणाली. "आबा, मी तुम्हाला माझ्या हातानं कोंडलं हो!"

"तुला काय माहीत," आबा म्हणाले.

"दुकानातल्या तंबूची चेन दोन्हीकडून उघडते," मास्तर पुटपुटले.

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तू बोलू देतेस?"

यावर लेक फिसकन हसली, मग आबा हसले, आणि डोळे पुसता पुसता ताडपत्रीवालीलाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाळ्यात गिऱ्हाइकांच्या कामाला हात लावला नाही. "उद्या या," सगळ्यांना सांगितलं. चेन उसवून फेकली. दाराला दोन पदर केले, एकावर एक चढणारे, आणि त्यांना गुंतवणारा रुंद पट्टा आतल्या बाजूनं ओवला. पट्ट्याच्या टोकाला मूठ हवी होती. शोधाशोध करून तिनं जाड दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ उचललं, मुठीत नीट मावणारं. कानशीनं कडा घासल्या, गालाला लावून बघितलं, कुठे बोचत नाही ना. मग ते असं पक्कं शिवलं की बैलानं ओढलं तरी निघू नये. रीळ खेचलं की सगळं दार एका झटक्यात मोकळं. चार वेळा शिवण स्वतः ओढून बघितली. पाचव्यांदा चहावाल्याला ओढायला लावली.

तिसऱ्या रविवारी दुपारी तंबू पुन्हा गच्चीवर उभा राहिला. या वेळी तिनं आबांना काही सांगितलं नाही, नुसतं रीळ त्यांच्या हातात दिलं. आबांनी ते फिरवून बघितलं. अंगठ्यानं कडा चाचपली. मग आत गेले.

दार आतून लागलं. लगेच उघडलं. आबांचं डोकं बाहेर आलं, गेलं. दार लागलं. उघडलं. पुन्हा लागलं. लेक म्हणाली, "आजोबा, खेळणं आहे का ते?" दार लागलं ते लागलंच. तिघं उन्हात उभे. ताडपत्रीवालीनं तंबूला कान लावला.

मग आतून गाणं ऐकू आलं. न्हाणीघरातलं, मोठ्यानं, बेसूर. त्यानंतर गाणं थांबलं आणि घोरणं सुरू झालं.

"झोपले!" लेक म्हणाली.

"आणि आपण?" मास्तर म्हणाले. "दार तर त्यांच्या हातात. तळ्यावर अस्वल आलं तर आपण बाहेर आणि म्हातारा आत आरामात!"

ताडपत्रीवालीला इतका आनंद झाला होता की ती हसत हसत खालीच बसली.

ऊन कलल्यावर दार उघडलं. आबा बाहेर आले, डोळे चोळत, केस उभे. तंबूकडे वळून बघितलं.

"ती मूठ माझ्या उशाशी राहील," ते म्हणाले. "दार मीच लावणार रोज."

"तुम्हीच लावा."

"आणि लावण्याआधी हाक मारणार. कोण आत, कोण बाहेर. सगळ्यांनी ओ द्यायची. कुणी विसरता कामा नये."

"देऊ आबा," ती म्हणाली.

आबा जिन्याकडे निघाले, दोन पायऱ्या उतरले आणि काहीतरी आठवल्यासारखे थांबले.

"सूनबाई, उद्या गाळ्यावरून येताना बाजारातून एक कुलूप आण. चांगलं मोठं. आपण सगळेच निघालो, तर घर उघडं कसं टाकायचं?"