तुळजाबाईची हनुवटी

शहरालगतच्या वाघोलीत आज जिथे उंच इमारती उभ्या आहेत, तिथे तुळजाबाईनं अर्धं आयुष्य ज्वारी खुरपली होती. पुढे जमीन बिल्डरकडे गेली. मुलगा मच्छिंद्र यानं रस्त्याकडेला बंगला बांधला, दारात गाडी आली, घरात मार्बल आलं. तुळजाबाई मात्र होती तशीच राहिली. नऊवारी लुगडं, पायात साध्या चपला आणि चेहऱ्यावरचं गोंदण. भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ आणि हनुवटीवर हिरवे तीन ठिपके. लहान असताना आईनं तिला जत्रेत गोंदणारणीपुढे बसवलं होतं. सुया टोचायला लागल्यावर तिनं भोकाड पसरलं, तर आई म्हणाली, "गप. सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं. मेल्यावर एवढंच संगं येतं." तेव्हापासून ते ठिपके तिच्या चेहऱ्यावर होते आणि तिला ते आठवतही नसत. आपलं नाक आपल्याला कुठे रोज आठवतं?

नात वृषाली इंजिनियर झाली, खराडीला कंपनीत लागली आणि तिचं लग्न शहरातल्या सहकारनगरच्या घरी ठरलं. पाव्हण्यांना पाठवायला घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढला. दोन दिवसांनी तो मोबाईलवर आला. वृषाली पळतच स्वयंपाकघरात आली.

"आजी, बघ ना, कसली गोड दिसतेयस! स्किन बघ तुझी!"

तुळजाबाईनं चष्मा लावला. फोटोत मच्छिंद्र होता, सून होती, आणि त्यांच्या मधे एक म्हातारी बसली होती. तिचं कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी होती.

"ही कोन गं?"

"अगं, तूच! फोटोवाल्यानं जरा टचअप केलंय."

सून वाकून म्हणाली, "आत्या, अगदी शहरातल्या वाटताय तुम्ही." मच्छिंद्रनं फोटो सगळ्या ग्रुपवर पाठवला. सगळ्यांनी खाली शाबासकीचे अंगठे टाकले. कुणी काही वाईट बोललं नव्हतं, आणि तेच तुळजाबाईच्या काळजात रुतलं. म्हणजे इतकी वर्षं हे सगळ्यांना दिसत होतं आणि नकोसं झालं होतं; कळलं नव्हतं ते फक्त तिला. त्या दिवसापासून ती आरशात पाहताना पदर तोंडावर धरायला लागली. विहीणबाई यायच्या असल्या की डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहायची.

एका रविवारी तिनंच वृषालीला विचारलं, "हे मशिनीनं पुसत्यात म्हनं?"

"टॅटू? हो, लेझरनं काढतात. तुला काढायचंय?" वृषाली हसली. "आजी, तू तर माझ्यापेक्षा हौशी निघालीस!"

"तुझ्या साखरपुड्यात जरा बरं दिसंल."

नातीनं तिला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "आजी, हे हळूहळू जाईल. पाच-सहा वेळा यावं लागेल, मधे दीड-दीड महिना. घाई करायची नाही. आज फक्त हनुवटीवर थोडं करून बघू." चटचट आवाज झाला, रबर लागावं तसं लागलं. आठ दिवसांनी ठिपके थोडे फिके दिसले, पण होते तिथेच होते. साखरपुडा तर महिन्यावर आलेला.

तुळजाबाईला माहेरची एक चुलती आठवली. तिनं मानेवरचा चामखीळ बिब्ब्यानं जाळला होता. घरात बाळंतपणाच्या सामानातले दोन-चार बिब्बे अजून डब्यात पडून होते. एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून तिनं बिब्ब्यात सुई खुपसली, गॅसवर धरली, आणि वर आलेलं काळं तेल तीनही ठिपक्यांना लावलं. मशीन करतं तेच बिब्बा करील, फक्त लवकर करील, असा तिचा हिशेब.

संध्याकाळपर्यंत हनुवटीची आग आग झाली. मग फोड आले, फुटले, खपली धरली. खपली पडली आणि तुळजाबाईनं आरसा पाहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? रुपयाएवढा पांढरा फटक डाग पडला होता, आणि त्यात ते हिरवे ठिपके आधीपेक्षा जास्त उठून दिसत होते.

मच्छिंद्रनं पाहिलं आणि फोनच लावला. "तोंड जाळलं तुम्ही माझ्या आईचं! डॉक्टर आहात का कोण आहात? बोर्ड उतरवायला लावीन!" तिकडून डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, त्यांना घेऊन या, मला बघू तरी द्या. तुळजाबाई शेजारीच मटार सोलत बसली होती. आत्ता बोलावं, असं तीनदा तिच्या ओठावर आलं. पण हे लोकांना कळलं तर? या वयात नटायला गेली आणि तोंड पोळून घेतलं म्हणतील. तिनं मान वर केली नाही. दवाखान्यातही गेली नाही.

साखरपुड्याच्या आधल्या आठवड्यात विहीणबाई अचानक आल्या. सुहासिनीबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बोलणं मोजकं आणि सरळ. सोफ्यावर बसल्या, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाल्या,

"आपण रागावू नका. मनात ठेवून कुजबुजण्यापेक्षा समोर बोललेलं बरं. आजींच्या हनुवटीवर डाग आलाय, तो आमच्याकडच्या दोघीतिघींनी देवळात पाहिला. कोड आहे का घराण्यात?"

"अहो नाही हो!" मच्छिंद्र उठूनच उभा राहिला. "लेझरनं झालंय ते. त्या डॉक्टरीणबाईला मी सोडत नसतो."

"लेझर? या वयात? कशासाठी?"

मच्छिंद्र बायकोकडे बघायला लागला. गोंदण काढायला नेलं होतं हे सांगायची त्यालाही लाजच वाटली. त्याची ती नजर पाहून सुहासिनीबाईंचा संशय वाढला असणार.

"ठीक आहे. माझा विश्वास आहे. पण वृषालीला एकदा तपासून घेऊ. आमच्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. फार वेळ लागणार नाही."

"तपासून म्हणजे?" वृषालीनं विचारलं.

"अंगावर कुठे काही नाही ना, एवढंच."

वृषालीचा चेहरा उतरला. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी पोरगी ती. तिनं कुडत्याच्या वर सरकवलेल्या बाह्या हळूच मनगटापर्यंत खाली ओढल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून तुळजाबाईनं ते पाहिलं. पोरीच्या हातावर काही नव्हतं. साधा तीळ नव्हता. तरी ती हात झाकत होती.

गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. तपासणी झाली असती, काही निघालं नसतं, लग्न लागलं असतं, आणि तुळजाबाईची झाकली मूठ झाकलेली राहिली असती. पण बाजारात बैलाचे दात बघतात तसं कुणीतरी तिच्या नातीचं अंग बघणार होतं, आणि ते तिच्या पायी. तुळजाबाई बाहेर आली. तोंडावरचा पदर तिनं बाजूला केला.

"विहीणबाई, हे कोड न्हाई. आन लेझर बी न्हाई. बिब्बा लावला मी. माझ्या हातानं."

"आये, काय बोलतीस?" मच्छिंद्रच्या तोंडून इतक्या वर्षांनी गावची बोली बाहेर पडली. "मंग मी त्या बाईला एवढं बोललो ते?"

"ते बी माझ्यामुळंच. बसून ऐकलं मी."

सुहासिनीबाईंनी कप खाली ठेवला. "पण बिब्बा कशाला लावलात?"

बिब्बा लावला हे सांगणं त्या मानानं सोपं होतं. कशाला, हे सांगताना तुळजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "गोंदण घालवाया. तुमच्यात बसायची लाज वाटली म्हून."

"आजी, आम्ही कधी काही बोललो का?"

"न्हाई. कुनीच काय बोललं न्हाई."

वृषाली उठली आणि आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पण तिच्याकडे तिला बघवेना. सुहासिनीबाईंनी चष्मा काढला, उगाच पुसला.

"तपासणीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी तरी काय बोलले... असो. पण आमच्याकडच्या बायकांना मी काय सांगू?"

"तुमी नका सांगू. साखरपुड्याला मी हाय की. मला इचारा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी ती मच्छिंद्रला घेऊन दवाखान्यात गेली. मच्छिंद्र हात जोडून "चुकलो मॅडम" म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ हनुवटी पाहिली.

"मला विचारायचं तरी, आजी."

"इचारलं असतं तर नको म्हनला असता."

"अर्थात! रंग थोडा भरेल, पण सगळा नाही भरायचा. आणि कपाळावरचं? ते नंतर करू या का?"

"ऱ्हाऊ द्या. हाय ते पुरं झालं."

साखरपुड्याच्या सकाळी नवरीला सजवणारी मुलगी आली. वृषालीचं आवरून झाल्यावर ती स्पंज घेऊन तुळजाबाईपुढे बसली. "आजी, हा डाग दोन मिनिटांत झाकते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तुळजाबाईनं तिचा हात धरला. फार मोह झाला तिला. आजचा एक दिवस, चारशे माणसांत, कोरी हनुवटी.

"नको बाई. झाकलं तर लोक म्हनतील, काय तरी हाय म्हून झाकलंय. पोरीला तरास."

कार्यालयात ती पुढच्या रांगेत बसली. मुलाकडच्या बायका एकेक करून आल्या, नमस्कार केला, आणि नजर हनुवटीवर गेली की घुटमळल्या. तुळजाबाई विचारायची वाट न पाहता सांगत होती, "बिब्बा लावला हुता. गोंदण घालवाया." दर वेळी कानाची पाळी तापायची. काही जणी हसल्या. एकीनं "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. शेवटी मुलाची मावशी खुर्ची ओढून बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"आजी, असं सगळ्यांना सांगायला लाज नाही वाटत?"

"वाटती की," तुळजाबाई म्हणाली. "पर माझी हाय, माझ्यापाशीच ऱ्हाईल. पोरीवर ढकलायची न्हाई."

समोर अंगठी घालायला वृषालीनं हात पुढे केला होता. बाह्या कोपरापर्यंतच होत्या. तुळजाबाईनं पदर खांद्यावर घेतला आणि नीट दिसावं म्हणून मान उंच केली.