खापरच्या स्टँडवर थांबलेली बस

ती तक्रार मी आधी हसण्यावारी नेली होती, हे कबूल करूनच सुरुवात करतो. नंदुरबारच्या एका ठाण्यात मी प्रभारी होतो. कोरीटची पंचविशीतली एक मुलगी अर्ज घेऊन आली. बस चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये तिने आपल्याकडची लाल बस बनवून घातली होती. गेममध्ये घातलेल्या अशा भरीला ही मुलं मॉड म्हणतात, एकमेकांना फुकट देतात, शिकवतात. तीच बस त्यांच्या गटातला शहाद्याचा एक तरुण आता पैसे घेऊन विकत होता.

"बाई, रस्त्यावर नसलेल्या बसची चोरी कोणत्या कलमात बसवू? मुद्द्याचं बोला."

"बस जाऊ द्या, सायेब. मन्हा बापना आवाज ईकी ऱ्हायना तो."

बाप कंडक्टर होता, आदल्या वर्षी वारला. गेममधली "चाला, खापर! वो माय, पाय वर ले" ही हाक त्याचीच. विक्री सुरू झाल्यापासून गटातल्या बाकीच्यांनीही धास्तीने आपापल्या मॉडना कुलपं लावली होती. कोणी कोणाला काही शिकवेना.

अर्ज चौकशीवर घेतला. तरुणाचा जबाब झाला. गडी पक्का! म्हणे, आवाज माझ्या काकाचा, मीच रेकॉर्ड केला. फाईल दोघांकडे सारखीच.

आमच्या हवालदाराने ठाण्यात ती बस चालवून पाहिली. खापरच्या स्टँडवर उभी केली, तेवढ्यात चहा आला. आम्ही पीत बसलो, बस तशीच उभी. दोनेक मिनिटांनी तोच आवाज आला, पण हळू: "बंद कर ना व पोरी, तो मोबाईल. च्या थंडा व्हई गया."

माझा कप हातातच राहिला.

तरुणाला ते ऐकवलं. "काय रे, काका तुला पोरी म्हणायचा?" विकायच्या घाईत त्याने बस स्टँडवर कधी थांबवलीच नव्हती.

"चुकनू सायेब. पन लाइटं मी बनाडेल शेतस. मन्हीबी मेहनत शे त्यामा." तेही खोटं नव्हतं.

मुलीला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"तुम्ही बोलू कोठे दिधं?"

मी ओशाळलो. तिने मात्र गुन्हा नोंदवायचा आग्रह सोडला. "त्यानी मेहनतना पैसा त्याले लेऊ द्या. बापना आवाज फुकट राही." तरुणाने माफी लिहून दिली, मॉडवर सगळ्यांची नावं घातली. हळूहळू गटातली कुलपं निघाली.

'मुद्द्याचं बोला' म्हणून मी जन्मभर माणसांना दटावलं. मुद्दा बोलणं पूर्ण ऐकल्यावर हाती लागतो, हे त्या कंडक्टरने शिकवलं. आता मीही ती बस चालवतो. धड वळवता येत नाही, पण खापरला थांबतो. चहा थंड झाल्याचं तो सांगत नाही, तोवर निघत नाही.